बासरीची रिकामी जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या खान्देश तबकडी मंडळाचे आधारवड माननीय प्रेमराज नाना. पिंपळनेरच्या अलीकडच्या आपल्या गावाहून पहाटेची एसटी धरून आलेल्या आजच्या प्रमुख पाहुण्या झुंबरबाई. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत, पण ज्यांना निरोप द्यायची आपल्यापैकी एकाचीही इच्छा नाही, त्या सत्कारमूर्ती कामिनीअक्का बोरसे. अक्कांना आपल्यापासून नागपूरला पळवून नेणारी त्यांची कन्या आणि जावईबापू. जळगावहून आलेले आणि इथं धुळ्यात राहणारे, पंख्याखालच्या खुर्च्या आधीच पकडून बसलेले तमाम रसिक. आणि मागच्या तीन रांगा भरून बसलेल्या, झुंबरबाईंबरोबर आलेल्या माझ्या मायबहिणींनो, सर्वांना या योगेंद्रचा नमस्कार.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नशिराबादला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायर, होल्डर, पंखे, मोटारीचे स्टार्टर विकतो, आणि उरलेल्या वेळात जुन्या गाण्यांच्या तबकड्या, म्हणजे रेकॉर्डी, गोळा करतो. माझी बायको म्हणते की उरलेल्या वेळात दुकान चालवतो. मंडळाचा सचिव असल्यामुळे निरोपाचं भाषण माझ्या गळ्यात पडलं आहे. नानांनी बजावलं आहे की थोडक्यात आटप. नाना, मी प्रयत्न करीन. वचन देत नाही.

निरोप घेणाऱ्या माणसाची एखादी इच्छा असली तर ती पुरी करावी, अशी आपल्याकडं रीत आहे. कामिनीअक्कांनी या मंडळाकडं आजवर कधी काही मागितलं नाही. चहा मागितला नाही, उलट आपल्यालाच करून पाजला. जाताजाता मात्र त्यांनी एक गोष्ट मागितली, आणि मंडळी, मी ती पुरी न करायचं ठरवून आज इथं उभा आहे. अक्का, तुम्ही माझ्याकडं अशा बघू नका. मी तुम्हाला परवाच फोनवर सांगितलं होतं की मला हे पटत नाही. तुम्ही म्हणालात, तुला पटो न पटो. ठीक आहे. आज इथं सगळ्यांसमोर दोघांचंही म्हणणं मांडतो, आणि शेवटचा शब्द तुमचाच राहील. एवढं तर चालेल ना?

आता ही गोष्ट समजायची तर आधी ‘सुरमयूर’ समजली पाहिजे.

तरुण मंडळींना वाटतं की नक्कल करण्याचा शोध आत्ता मोबाइलमध्ये लागला. अहो, आमच्या वेळी नकलेची कंपनीच होती. सिनेमातलं एखादं गाणं गाजलं की त्याची मूळ तबकडी जळगावच्या दुकानात यायला किती काळ लागायचा? आणि आली तरी ती कुणाच्या हाती लागायची? दुकानदाराच्या ओळखीच्या चार घरांत ती पोचायची आणि संपायची. बाकीच्यांनी काय करायचं? त्या बाकीच्यांसाठी सुरतेत एक माणूस बसला होता, ‘सुरमयूर’ नावाच्या कंपनीचा मालक. गाणं गाजलं की तो तेच गाणं दुसऱ्या कुणाकडून तरी गाऊन घ्यायचा, मोजके वादक जमवायचा, आणि निम्म्या किमतीची तबकडी काढून गावोगाव पाठवायचा. वरती मोठ्या अक्षरांत सिनेमाचं नाव. खाली कॅलेंडरवरून उचललेल्या एका मुलीचं चित्र, जिचा सिनेमाशी काही संबंध नाही. आणि अगदी कोपऱ्यात, मुंगीला वाचता येईल अशा टायपात लिहिलेलं असायचं, ‘इतर कलाकारांच्या आवाजात’.

हे इतर कलाकार कोण? त्यांचं नाव कुठंच नाही. आमच्या नानांच्या कपाटात एकही सुरमयूर सापडणार नाही. नाना म्हणतात, खऱ्या सोन्याच्या डब्यात बेन्टेक्स ठेवू नये. मी मात्र त्यांच्याशी या विषयावर कायम भांडत आलो आहे, आणि अध्यक्षपदावर बसल्यामुळे आज त्यांना उत्तर देता येणार नाही, म्हणून बोलून घेतो. नाना, मूळ गाण्यात हॉल भरून व्हायोलिनं असायची. सुरतेत एक पेटीवाला बसायचा आणि त्या सगळ्या व्हायोलिनांचं काम एकटा करायचा. गाणारी पोरगी रेडिओवर चारदा ऐकलेलं गाणं पाठ करून यायची, एकाच दमात गायची, कारण दुसऱ्यांदा टेप खर्च करायची मालकाची तयारी नसायची. ना नाव, ना फोटो, ना टाळी. आणि तरीही ती जीव ओतून गायची! मूळ गाणाऱ्या थोरच, त्यांच्यापुढं आपण हात जोडू. पण कुणी ऐकलं तर दुसरीचंच नाव घेणार हे माहीत असताना जी मन लावून गाते, तिच्यापुढं मी जरा जास्त वाकतो. असो. नाना हसताहेत म्हणजे राग आलेला नाही.

आता कामिनीअक्कांकडं येतो. अक्का आमच्या मंडळात आल्या त्या निवृत्तीनंतर. जळगावच्या एका बालवाडीत त्यांनी आयुष्यभर पोरं सांभाळली. मंडळात यायच्या, मागच्या खुर्चीवर बसायच्या, आणि बैठक संपली की तबकड्या पुसायला घ्यायच्या. साबणाचं कोमट पाणी, मलमलचं फडकं, आणि गोल गोल फिरणारा हलका हात. आमच्या कितीतरी मुक्या तबकड्या अक्कांनी बोलत्या केल्या. आवाज काढून बोलताना मी त्यांना फारसं ऐकलं नव्हतं, आणि गाताना तर कधीच नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाहिली होती. मी हट्टानं सुरमयूरची तबकडी लावली की अक्का उठायच्या. “चहा बघते,” म्हणायच्या आणि आत जायच्या. गाणं संपलं की चहा घेऊन बाहेर. दरवेळी हेच. नाना मला म्हणायचे, बघ योगेंद्र, अक्कांना खऱ्याखोट्याची जाण आहे, नकली सूर त्यांच्या कानाला सोसत नाही. मी चहा प्यायचो. चहा फक्कड असायचा.

गेल्या वैशाखात अक्का आणि मी पिंपळनेरकडं गेलो. तिथल्या एका गावात लोटनभाऊ म्हणून एक लाऊडस्पीकरवाले होते. आता ते नाहीत. त्या पट्ट्यातल्या लग्नांना एकेकाळी त्यांचाच कर्णा लिंबाच्या झाडावर चढायचा. त्यांच्या मुलानं निरोप पाठवला की बाबांच्या तबकड्या पडून आहेत, घेऊन जा. तबकड्यांची पारख करायला अक्कांना बरोबर घेतलं. आम्ही पोचलो तर शेजारच्याच दारात मांडव, आणि मांडवात हळद. नवरी होती दिपमाला, आणि नवरीची आजी म्हणजे आज माझ्या शेजारी बसलेल्या ह्या झुंबरबाई.

खान्देशात पाहुण्याला मांडवाबाहेर उभं ठेवत नाहीत. आम्हालाही हाताला धरून आत नेलं. डीजेवाला पोरगा तयार होता, आणि त्यानं हळदीचं ते गाणं लावलं. कुठलं, ते सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही इथंच गुणगुणायला लागाल आणि माझं भाषण बुडेल. मूळ गाणं, थोर गायिका, स्वच्छ आवाज, मोबाइलमधून थेट. पाच सुवासिनी नवरीभोवती हळदीचे हात घेऊन उभ्या होत्या. कडवं सुरू व्हायची वेळ आली, सगळ्यांनी हात वर नेले, आणि गाणं न थांबता, बासरीवरून सरळ पुढं निघून गेलं. पाचही हात हवेत. नवरी इकडंतिकडं बघतेय. कुणी हळद लावीना.

झुंबरबाई उठल्या आणि त्या पोराला म्हणाल्या, “भाऊ, हाई खोटं गानं शे. आमनं खरं लाव.”

तो बिचारा मोबाइल दाखवून सांगू लागला की आजी, हेच ओरिजिनल आहे. सगळं जग हेच ऐकतं. त्यावर बाई म्हणाल्या, जग ऐकत असेल, पण हाई बाई घाई करस. “मंग आमनी नवरीनं नाव कोठे लेवानं?”

मला काही कळेना. नवरीचं नाव घेणं आणि गाणं यांचा काय संबंध? पण झुंबरबाईंनी लोटनभाऊंच्या मुलाला हाक मारली, आणि म्हणाल्या, तुझ्या बापाची तबकडी आण. त्यानं आणली. मी बघतो तर सुरमयूर! कॅलेंडरवाली मुलगी, मुंगीची अक्षरं, सगळं तेच. मी माझी विद्या वापरली, जुन्या रेकॉर्ड प्लेअरची वायर डीजेच्या डब्याला जोडली आणि पिन ठेवली.

तबकडी झिजलेली, तळणीसारखी चुरचुरत होती. पण आवाज आला, आणि मांडवातल्या बायांचे चेहरे सैल झाले. मुखडा झाला. कडवं येणार, तेवढ्यात ढोलकी थांबली, पेटी थांबली, सगळंच थांबलं. मला वाटलं माझी वायर सुटली, मी धावणार होतो. तेवढ्यात सगळ्या बाया एका आवाजात म्हणाल्या, “दिपमाला!” आणि त्याच क्षणी पाच हात नवरीच्या गालांना लागले. आणि पुढच्या क्षणाला गाणारीचा आवाज पुन्हा सुरू झाला, जसं काही ती नाव घेऊन व्हायचीच वाट बघत थांबली होती.

मंडळी, मी लग्नं फार पाहिली. पण असं नाव घेतलेलं कधी ऐकलं नव्हतं.

मग झुंबरबाईंनी मला सगळं सांगितलं. पूर्वी त्यांच्या नणंदेच्या हळदीला, म्हणजे पुष्पाबाईंच्या, लोटनभाऊंनी पहिल्यांदा ही तबकडी लावली होती. गाणं मधेच थांबलं तेव्हा सगळ्यांना वाटलं की मशीन बिघडलं. त्या शांततेत पुष्पाबाईंची आत्या ओरडली, “पुष्पे!”, म्हणजे हात पुढं कर म्हणून, आणि लगेच गाणं सुरू झालं. बाया हसून हसून बेजार. पण पुढच्या लग्नात तीच तबकडी लागली, तीच जागा आली, आणि कुणीतरी मुद्दाम नवरीचं नाव घेतलं. मग तो रिवाजच पडला. लोटनभाऊंचा कर्णा जिथं जिथं गेला, त्या सगळ्या गावांत पडला. आजही लोकांना वाटतं की गाणं रचणाऱ्यानंच नवरीच्या नावासाठी जागा सोडली आहे, आणि मुंबईच्या मोठ्या बाईंना ती पाळता आली नाही!

मी झुंबरबाईंना विचारलं, त्या जागेचं एवढं काय? त्या म्हणाल्या, पोरगी एकदा सासरी गेली की अमक्याची सून, तमक्याची बायको, पुढं पोराची माय. काही घरांत नावसुद्धा बदलतात. आपल्या मांडवात, आपल्या बायांच्या तोंडून, तिचं नाव बठ्ठ्यांनी, म्हणजे सगळ्यांनी मिळून घेण्याची ती शेवटची वेळ. ती चुकली तर हळद लागली असं वाटतच नाही. पुष्पाबाई आज मागच्या रांगेत बसल्या आहेत, हिरव्या लुगड्यात. मावशी, हात वर करा. हां, त्याच.

हे सगळं मी ऐकत होतो तेव्हा अक्का कुठं होत्या? मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. मला वाटलं, ऊन लागलं. पाणी दिलं, घेतलं नाही. हळदीची तबकडी लग्नसराईला परत करायच्या बोलीवर तबकड्यांची पेटी गाडीत टाकली आणि निघालो. धुळं मागं पडलं. पारोळ्याला चहाला थांबलो. कप हातात घेतला आणि बाई रडायला लागल्या. टपरीवाला माझ्याकडं असा बघायला लागला की मीच काही बोललो.

मी घाबरून विचारलं, अक्का, काय झालं? त्या म्हणाल्या, “ती जागा रिवाज नाही, योगेंद्र. ती माझी चूक आहे.”

होय मंडळी. ती गाणारी म्हणजे ह्या. आपल्या कामिनीअक्का. नाना, तुम्ही खुर्ची घट्ट धरली ते बरं केलं. आता कळलं ना, अक्का चहाला का उठत होत्या ते? आणि झुंबरबाई, तुमच्याशी मी आत्तापर्यंत लपवलं, पण तुम्ही ज्या बाईच्या आवाजावर आपल्या लेकीनातींना हळद लावली, ती बाई तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आहे. काय म्हणताय? झुंबरबाई विचारताहेत, हाई ती बाई शे? हो, हीच ती. बसा, बसा, भेटीगाठी नंतर. माझं अजून सांगून व्हायचंय.

अक्का तेव्हा लग्नाच्या वयाच्या होत्या, जळगावला एका गुरुजींकडं गाणं शिकत होत्या. सुरमयूरच्या मालकाचे कुणी नातेवाईक कापडाच्या धंद्यात होते, त्यांनी नाव सुचवलं. वडिलांबरोबर सुरत पॅसेंजरमध्ये बसून पोरगी गेली. गाणं रेडिओवरून पाठ केलेलं. आता ज्यांनी मूळ गाणं नीट ऐकलंय त्यांना आठवेल, त्यात कडव्याच्या आधी बासरीचा एक छोटा तुकडा आहे. बासरी संपली की गायचं, असं अक्कांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सुरतेत बघतात तर बासरीवाला आलेलाच नाही. कुठल्याशा वरातीत वाजवायला गेला होता. मालक म्हणाला, बासरी गेली खड्ड्यात, ढोलकी थांबली की पोरी तू लगेच उचल. अक्का हो म्हणाल्या. गाणं सुरू झालं, ढोलकी थांबली. आणि अक्का थांबल्या. सवयीनं. जी बासरी आलीच नव्हती तिची वाट बघत उभ्या राहिल्या. भान आलं तेव्हा गाणं उचललं आणि पुरं केलं. मालकानं पुन्हा घेतलं नाही. म्हणाला, असू दे, कोण ऐकतंय. मात्र अक्कांना पुन्हा कधी बोलावलंही नाही.

हेही पचलं असतं. पण तबकडी आली तेव्हा वडिलांनी कौतुकानं ती गुरुजींच्या क्लासमध्ये नेली. सगळ्या मुली बसल्या होत्या. ती जागा आली तशी गुरुजींनी पिन उचलली आणि विचारलं, “इथं कुणाची वाट बघत होतीस गं?” मुली हसल्या. गुरुजी थट्टेनं बोलले असतील, वाईट माणूस नव्हते. पण लग्नाच्या वयाची पोरगी, वडील शेजारी बसलेले, आणि असा प्रश्न! अक्का त्या दिवशी घरी आल्या त्या पुन्हा क्लासला गेल्या नाहीत. पुढं लग्न झालं, बालवाडी झाली, संसार झाला. नवऱ्यालाही त्यांनी सांगितलं नाही की आपण कधी गात होतो. ही त्यांची मुलगी समोर बसली आहे, तिला गेल्या आठवड्यात कळलं. बाळ, डोळे पूस. अजून व्हायचंय.

आता अक्कांच्या मागण्याकडं येतो. आमच्या मंडळात जितेंद्र जुन्या तबकड्या कॉम्प्युटरवर चढवतो, चुरचुर काढतो. लोटनभाऊंची ही तबकडी त्याच्याकडं गेली. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यानं चुरचुर काढता काढता तो खंडही काढून टाकला, दोन टोकं इतकी सफाईनं जुळवली की सांधा सापडू नये. कौतुकानं अक्कांना ऐकवलं. अक्कांनी डोळे मिटले, आणि म्हणाल्या, पुन्हा लाव. मग म्हणाल्या, पुन्हा लाव. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं गाणं बरोबर झालं होतं, जसं त्यांना त्या दिवशी सुरतेत गायचं होतं तसं. परवा त्या मला म्हणाल्या, योगेंद्र, निरोपाला हे गाणं वाजव. हवं तर माझं नावही सांग, आता मला कशाची भीती उरली नाही. पण नाव सांगशील तर या दुरुस्त गाण्याबरोबर सांग. ती चूक माझ्या नावावर ठेवून मला नागपूरला पाठवू नकोस.

बोला मंडळी, यात त्यांचं काय चुकलं? काही नाही. जिनं एका चुकीपायी गाणं सोडलं, तिनं ती चूक पुसायला मागितली तर तिला नाही म्हणणारा मी कोण? मी रात्रंदिवस याच विचारात होतो. दुकानात गिऱ्हाइकानं पंखा मागितला तर मी इस्त्री देत होतो.

पण अक्का, मला राहून राहून दिपमालेच्या हळदीतले ते हवेत थांबलेले हात आठवतात. बरोबर गाणं तर त्या पोरानं लावलंच होतं. जगातलं सगळ्यात बरोबर गाणं. त्यात बायांना उभं राहायला जागा नव्हती. तुम्ही बासरीची वाट बघत थांबलात. बासरी आली नाही हे खरं. पण पिंपळनेरच्या बाया आल्या, अक्का! गुरुजींनी विचारलं होतं ना, कुणाची वाट बघत होतीस? तेव्हा तुम्हाला उत्तर देता आलं नाही, कारण ते उत्तर अजून यायचं होतं. ते आज पहाटेच्या एसटीनं आलं आहे आणि मागच्या तीन रांगांत बसलं आहे. मी तुम्हाला शिकवत नाही, माझी तेवढी लायकी नाही. मी फक्त तुमची तुमच्याच गाण्याशी एकदा गाठ घालून देतो.

जितेंद्र, दोन्ही आणलंयस ना? आधी लोटनभाऊंची तबकडी लाव. चुरचुर असू दे.

मायबहिणींनो, आज इथं मांडव नाही, हळद नाही, नवरी नाही. पण ती जागा येणार आहे. तिथं कुणाचं नाव घ्यायचं ते मी सांगणार नाही. तुमचा रिवाज आहे, तुम्हीच बघा. ठेव पिन.

(तबकडी वाजते. मुखडा होतो. ढोलकी थांबते. मागच्या तीन रांगांतून एकच आवाज उठतो: “कामिनी!” आणि गाणं पुढं सुरू होतं.)

जरा थांबतो. मला पाणी द्या.

मागच्यांना दिसलं नसेल म्हणून सांगतो. ती जागा जवळ आली तेव्हा अक्का उठायला लागल्या होत्या. सवय. इथं चहाची सोय नाही, तरी उठायला लागल्या होत्या. नाव कानावर आलं आणि त्या बसल्या. आत्ता झुंबरबाईंचा हात त्यांच्या गालावर आहे. हळद नाही, नुसताच हात आहे. आणि आमचे नाना, खऱ्या सोन्याच्या डब्याचे मालक, उपरण्यानं चष्मा पुसताहेत.

नाना, या तबकडीच्या पाकिटावर एका बाईचं नाव लिहायचं राहिलं होतं. आज मंडळातर्फे तुम्ही ते तुमच्या हातानं लिहायचं आहे. पेन मी देतो. पण कुठल्या गाण्यासाठी, हे अजून ठरायचं आहे, कारण शेवटचा शब्द अक्कांचा राहील असं मी कबूल केलंय आणि नशिराबादचा माणूस शब्द फिरवत नाही. अक्का, एकीकडं जितेंद्रनं दुरुस्त केलेलं गाणं आहे, एकीकडं हे. तुम्ही म्हणाल ते ठेवू, दुसरं पुसून टाकू. हा माइक घ्या. नको? बरं, माझ्या कानात सांगा.

अक्का म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगतो. “राहू दे रे हेच. ती जागा काढली तर या बायांनी नाव कुठं घ्यायचं?”

थांबा, टाळ्या थोड्या वेळानं. नानांना लिहू द्या. क-ला काना, मि-ची वेलांटी पहिली, नाना, नाहीतर त्यांनाच विचारा त्या कशा लिहितात ते. झालं? दाखवा सगळ्यांना. वाचा मोठ्यानं.

मंडळी, आभाराचं काम उरलं आहे. पहाटे भाकरी बांधून निघालेल्या झुंबरबाई, पुष्पाबाई आणि त्यांच्याबरोबरच्या सगळ्या जणी, लोटनभाऊंचा मुलगा, त्याच्या स्वर्गवासी वडिलांचा कर्णा, हॉल देणारी मंडळी, आणि तो वरातीत निघून गेलेला, नावसुद्धा ठाऊक नसलेला सुरतेचा बासरीवाला, या सगळ्यांचं ऋण मंडळ मान्य करतं. बासरीवाला वेळेवर आला असता तर आज आपण कुणीच इथं नसतो. नागपूरकरांना एवढंच सांगणं आहे की आमची अक्का सांभाळा, आणि घरात एक रेकॉर्ड प्लेअर घ्या. वायर मी जोडून देईन.

अक्का, तुम्ही जा. तुमचा आवाज इथंच आहे, आणि वैशाखात कुठल्या ना कुठल्या मांडवात तो थांबेल, तेव्हा आम्ही कान देऊन असू.

बोलताना माझ्याकडून कुणाला मान द्यायचा राहिला असेल, नानांची जास्त थट्टा झाली असेल, मधेच माझा घसा बसून भाषणात खंड पडला असेल, तर ते पोटात घाला. आणि पोटात घालायला जड वाटलं, तर त्या खंडात आपल्या एखाद्या माणसाचं नाव घ्या. नमस्कार.